टफबुक सीएफ-१९ वर अँड्रॉइड : एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

पॅनासॉनिकच्या टफबुक या खडतर वापरासाठीच्या मालिकेतील सीएफ-१९ या जुन्या लॅपटॉपवर अँड्रॉइड-एक्स८६ ची, म्हणजे साध्या संगणकांवर चालणाऱ्या अँड्रॉइडची, ९.० आवृत्ती बसवून मी गेला पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने ते यंत्र कामासाठी वापरले. काम महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरउतारांवरच्या झऱ्यांच्या आणि विहिरींच्या नोंदी घेण्याचे आहे : पाण्याची पातळी, प्रवाहाचा वेग, पाण्याची विद्युतवाहकता, आजूबाजूची जमीन आणि गावकऱ्यांनी सांगितलेली माहिती. ही सगळी माहिती ओडीके कलेक्ट या मुक्त ॲपमधील मराठी फॉर्मवर भरली जाते आणि ते ॲप फक्त अँड्रॉइडवर चालते. लॅपटॉपवर नेहमीचे लिनक्स न टाकता अँड्रॉइड का टाकले, याचे उत्तर एवढेच आहे.

फोनवर हेच काम करता येते आणि मार्च ते मे या काळात ते उत्तम होते. अडचण जूनपासून सुरू होते. फोनचा टचस्क्रीन कपॅसिटिव्ह असतो, म्हणजे बोटाच्या विद्युतधारितेमुळे काचेवरील विद्युतक्षेत्रात होणारा बदल तो टिपतो. पाण्याचा थेंबही असाच बदल घडवतो. त्यामुळे कोकणातल्या सरींमध्ये फोन न दाबलेली बटणे दाबतो आणि दाबलेली विसरतो. एखाद्या विहिरीची पातळी ४.२ मीटर लिहिताना पडद्यावर ४.२२२ उमटते आणि ओल्या बोटाने ती खोडता येत नाही, हा अनुभव या कामातल्या प्रत्येकाला आहे. सीएफ-१९ च्या माझ्याकडील यंत्राचा पडदा रेझिस्टिव्ह आहे. त्यात वरचा लवचीक थर दाबाने खालच्या थराला टेकतो तेव्हाच स्पर्शाची नोंद होते. पडद्यावर पाणी ओघळत असले तरी त्याला काही फरक पडत नाही. बोट ओले असो, हातात रबरी मोजा असो किंवा पेनाची बोथट मागची बाजू असो, दाबले की नोंद होते. या एका गुणासाठी मी बाकीच्या पुष्कळ गैरसोयी आनंदाने स्वीकारल्या आहेत.

यंत्राविषयी थोडक्यात. माझे मॉडेल पाचव्या पिढीतील, म्हणजे २०११ च्या सुमाराचे आहे. त्यात इंटेलचा आय५-२५२०एम हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १०२४ × ७६८ चा चौकोनी धाटणीचा पडदा आहे. पडदा फिरवून कीबोर्डवर उलटा झोपवला की यंत्राची पाटी होते. मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच, उचलण्यासाठी मूठ, धूळ व पाण्यापासून संरक्षणासाठी आयपी६५ दर्जा, आणि सुमारे २.३ किलो वजन. मूळची हार्ड डिस्क काढून तिच्याच डब्यात मी सॅटा एसएसडी बसवली. हा बदल कोणीही जुने टफबुक घेणाऱ्याने सर्वांत आधी करावा, कारण वेगातला फरक तिथेच पडतो.

अँड्रॉइड-एक्स८६ हा प्रकल्प २००९ पासूनचा आहे. मोबाइलमधील एआरएम प्रोसेसरांसाठी लिहिलेले अँड्रॉइड साध्या संगणकांच्या इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर चालावे म्हणून तो सुरू झाला आणि तैवानचे च्ही-वेई हुआंग यांनी तो अनेक वर्षे चिकाटीने सांभाळला. मी वापरत असलेली ९.०-आर२ ही आवृत्ती मार्च २०२० ची आहे. ती जुन्या पद्धतीच्या बायोसवरही (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामवरही) चालते, आणि या पिढीच्या टफबुकसाठी ते महत्त्वाचे ठरते. पेनड्राइव्हवरून आधी बसवल्याशिवाय चालवून पाहता येते. तशी चाचणी घेऊन वाय-फाय, आवाज आणि पडद्याची प्रखरता चालते ना, एवढे पाहिले आणि मग डिस्कच्या ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीच्या) विभागावर ती बसवली. या तिन्ही गोष्टींनी नंतरही कधी त्रास दिला नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

टचस्क्रीनविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. या यंत्रातला टचस्क्रीन आतल्या आत सिरियल मार्गाने, म्हणजे एकामागोमाग एक बिट पाठवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जोडणीने जोडलेला आहे, यूएसबीने नाही. यूएसबीवरचे उपकरण आपली ओळख स्वतःच सांगते, सिरियल मार्गावरचे सांगत नाही. त्यामुळे अँड्रॉइड पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा पडदा पूर्ण मुका होता आणि सर्व काही टचपॅडवरून करावे लागले. लिनक्सच्या गाभ्यात फुजित्सूच्या सिरियल टचस्क्रीनसाठी ड्रायव्हर आहे. इनपुटअटॅच नावाच्या छोट्या प्रोग्रामने तो योग्य सिरियल मार्गाशी जोडून द्यावा लागतो, आणि ही आज्ञा यंत्र सुरू होताना आपोआप चालेल अशा ठिकाणी लिहून ठेवावी लागते. त्यासाठी बसवतानाच सिस्टिम विभाग लिहिण्यायोग्य ठेवण्याचा पर्याय निवडलेला असणे आवश्यक आहे. त्यानंतर पडद्याचे कोपरे जुळवून घेण्याचे काम उरते, कारण रेझिस्टिव्ह पडद्यावरील दाबाची जागा आणि चित्राची जागा आपोआप जुळत नाही. हे सारे एकदाच करावे लागते, पण ज्यांना टर्मिनलमध्ये आज्ञा लिहिण्याची सवय नाही त्यांनी ती सवय असलेल्या कोणाला तरी सोबत घेऊनच याच्या वाटेला जावे.

सगळे जुळल्यावरही हा पडदा फोनसारखा वागत नाही. तो एका वेळी एकच स्पर्श ओळखतो, म्हणून दोन बोटांनी नकाशा मोठा करणे शक्य नाही. नकाशाच्या ॲपमधली अधिक-उणेची बटणे वापरावी लागतात. दुसरे म्हणजे, पडद्याभोवतीची रबराची कड उंच आहे आणि अँड्रॉइडमध्ये पुष्कळशा गोष्टी कडेपासून बोट ओढून उघडायच्या असतात. सूचनांचा पडदा वरून खाली ओढताना बोट त्या कडेला अडते. यावर कीबोर्डचा मार्ग चांगला आहे : एस्केप म्हणजे मागे आणि ऑल्ट-टॅब म्हणजे उघडी ॲप्स. पाटीच्या रूपात कीबोर्ड झाकला जातो, तेव्हा मात्र सर्व भार टचवर येतो. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये बोट सरकवण्याऐवजी ‘पुढे’ आणि ‘मागे’ ही बटणे दिसतील असे सेटिंग मी कायमचे करून ठेवले आहे.

या पडद्याचे ४ : ३ प्रमाण फॉर्म भरण्यासाठी फारच सोयीचे आहे. रुंद आणि बुटक्या पडद्यांवर प्रश्न दिसतो, पण पर्याय खाली दडतात. इथे मराठी प्रश्न, त्याखालची सूचना आणि सहा-सात पर्याय एका नजरेत मावतात. अक्षरांचा आकार डब्ल्यूएम डेन्सिटी या आज्ञेने हवा तसा करता येतो. मी तो मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण चष्म्यावर पाणी असताना बारीक जोडाक्षरे वाचवत नाहीत. ‘झऱ्याचा उगम’ यातला ऱ्य सुद्धा स्वच्छ दिसतो. मराठी लिहिण्याची सोय तितकी चांगली नाही. यंत्राच्या कीबोर्डवरून लिप्यंतराने मराठी लिहिणे मला जमवता आले नाही आणि पडद्यावरचा कीबोर्ड ७६८ ओळींपैकी जवळजवळ अर्धी जागा खातो. म्हणून मोकळे लिखाण कमी आणि निवडायचे पर्याय जास्त, अशी फॉर्मची रचना केली. त्याचा फायदा नंतर माहिती तपासतानाही झाला.

कोणते ॲप चालेल याचा अंदाज आधी बांधता येतो. पूर्णपणे जावा किंवा कॉटलिनमध्ये लिहिलेली ॲप्स प्रोसेसर कोणताही असला तरी चालतात. ज्यांच्यात एआरएमसाठीच तयार केलेले भाग आहेत त्यांना इंटेलची हुडिनी नावाची भाषांतर-व्यवस्था लागते. ती वेगळी आणून सेटिंगमधून सुरू करावी लागते आणि तिच्यामुळे वेग कमी होतो. मला लागणारी ॲप्स तिच्याशिवाय चालली, म्हणून मी ती बंदच ठेवली आहे. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स या यंत्रावर चालतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. यंत्र प्रमाणित आहे का, त्यातली प्रणाली मूळ आहे का, हे ती ॲप्स गूगलच्या तपासणी सेवेला विचारतात, आणि अशा प्रणालीला ती सेवा होकार देणार नाही. माझ्या मते ते योग्यही आहे. ज्या यंत्रात टर्मिनल उघडून सहज सर्वाधिकार मिळतात तिथे पैशांचे व्यवहार करूच नयेत.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे. अँड्रॉइड ९ साठीच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२२ च्या सुरुवातीलाच थांबल्या आणि क्रोम ब्राउझरची १३८ ही या आवृत्तीवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. म्हणून माझ्या यंत्रावर वैयक्तिक ईमेल नाही, मुख्य गूगल खाते नाही आणि सर्वसाधारण ब्राउझिंगही नाही. दिवसाअखेर फॉर्म पाठवण्यापुरते ते इंटरनेटला जोडले जाते. नव्या अँड्रॉइडवर आधारलेली ब्लिस ओएससारखी वितरणे उपलब्ध आहेत, पण या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला व्हल्कन या नव्या ग्राफिक्स-व्यवस्थेचा आधार नाही आणि ४ जीबी रॅमवर नवी आवृत्ती जड होते. ज्यांचे काम सतत ऑनलाइन राहण्याचे आहे त्यांनी या कारणासाठी हा मार्ग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपेचा प्रश्न लॅपटॉपवरच्या अँड्रॉइडला पहिल्यापासून आहे. फोन कधीच पूर्ण झोपत नाही. लॅपटॉप झोपतो आणि त्याच्या झोपेची रीत वेगळी आहे. पडदा बंद झाला की प्रणाली यंत्राला झोपवते आणि जागे करताना कधी टचस्क्रीनची जोडणी परत येत नाही, कधी पडदाच काळा राहतो. मी झोप पूर्णपणे बंद केली. विहिरीकडून विहिरीकडे जाताना प्रखरता शून्यावर आणतो आणि दोन गावांमधले अंतर मोठे असेल तर यंत्र सरळ बंद करतो. एसएसडीमुळे ते पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घेत नाही. बॅटरी मात्र या पद्धतीने लवकर संपते. दुसरी बॅटरी दप्तरात असते आणि बाजूचे झाकण उघडून ती बदलता येते. चढावर दोन्हींचे ओझे जाणवते, पण त्यामुळे काम अडत नाही.

घड्याळाविषयीची एक गोष्ट क्षेत्रकाम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्याच यंत्रावर विंडोजही ठेवले असेल तर विंडोज आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि अँड्रॉइड तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजते. भारतात हा फरक साडेपाच तासांचा आहे. नेटवर्क असेल तर वेळ दुरुस्त होते. वरंध घाटाच्या खालच्या वाड्यांमध्ये नेटवर्क नसते आणि सकाळी दहाची नोंद दुपारी साडेतीनची म्हणून साठवली जाते. उपसा केव्हा झाला आणि पातळी केव्हा मोजली हाच जिथे प्रश्न आहे, तिथे अशी नोंद निरुपयोगी ठरते. विंडोजला आतले घड्याळ प्रमाणवेळेत ठेवायला सांगणे किंवा एकच प्रणाली ठेवणे हे दोन उपाय आहेत. मी दुसरा केला.

यंत्रातल्या जीपीएसच्या मागे न लागता मी बाहेरचा ब्लूटूथ जीपीएस जोडला. त्याचे स्थान अँड्रॉइडला ‘मॉक लोकेशन’ (दुसऱ्या ॲपने पुरवलेले स्थान) म्हणून दिले जाते आणि ओडीके कलेक्ट अशा स्थानाची अचूकता मुळात शून्य लिहिते. फॉर्ममध्ये त्या प्रश्नासमोर अलाऊ-मॉक-ॲक्युरसी हा पर्याय चालू केला की अचूकतेचा खरा आकडा येतो.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त समाधान दिले ती. सीएफ-१९ ला नऊ टोचांचे खरे सिरियल पोर्ट आहे. विद्युतवाहकता मोजणारे आमचे जुने मीटर आपली मोजमापे त्याच मार्गाने पाठवते, आणि फोनला जोडायचे म्हणजे अडॅप्टर, त्याचा ड्रायव्हर आणि पावसात लोंबणाऱ्या दोन जोडण्या असा खटाटोप असे. इथे केबल थेट बसते आणि दोन स्क्रू फिरवले की ती ओढली तरी निघत नाही. टर्मिनलमध्ये सर्वाधिकार घेऊन पोर्टचा वेग ९६०० बिट प्रति सेकंद ठरवला आणि त्या पोर्टवरून येणारा मजकूर फाइलमध्ये वळवला, की दर काही सेकंदांनी एकेक ओळ उमटू लागते. झऱ्याच्या तोंडाशी इलेक्ट्रोड धरला की पहिले आकडे वरखाली होतात, मग हळूहळू स्थिरावतात. स्थिरावण्याची ही सगळी वाट आता नोंदीत राहते. पूर्वी वहीत फक्त शेवटचा आकडा यायचा. पावसानंतर झऱ्यात वरचे ताजे पाणी मिसळले आहे का, हे ठरवताना ती वाट उपयोगी पडते.

मात्र केबल जोडलेली असते तेव्हा त्या पोर्टचे रबरी झाकण उघडे असते आणि आयपी६५ चे संरक्षण तेवढ्या वेळापुरते संपलेले असते. मीटरचे काम आम्ही छत्रीखाली किंवा प्लास्टिकचा कागद धरूनच करतो.

असे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच झाकणे आधी पाहावीत. जुन्या यंत्रांचे रबर कडक होते, भेगाळते. झाकण लागल्यासारखे दिसते पण बसत नाही. माझ्या यंत्राच्या विक्रेत्याने सर्व झाकणे सुस्थितीत असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात बॅटरीच्या दाराची पट्टी सुटलेली निघाली आणि ती मला बदलून घ्यावी लागली. त्यानंतर पडदा रेझिस्टिव्ह आहे की डिजिटायझर पेनचा (खास इलेक्ट्रॉनिक पेनाने चालणारा), हे स्पष्ट विचारावे, कारण या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. विकत घेण्यापूर्वी ओल्या कापडाने पडदा भिजवून, रबरी मोजा घालून चारही कोपरे दाबून पाहावेत. कोपऱ्यातली नोंद बोटभर सरकत असेल तर ती जुळवून सुधारते. एखाद्या पट्ट्यात नोंदच होत नसेल तर थर झिजलेला आहे आणि ते यंत्र घेऊ नये.