दारव्ह्याकडच्या पांदणी आणि एका शेतघरातला मुक्काम

जानेवारीतला एक शनिवार-रविवार आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या पांदणींतून गाड्या चालवल्या. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची सोळा वर्षांची लेक. माझी 2009 ची जिप्सी, त्याची थार. राहण्याची, जेवणाची आणि वाटा ठरवण्याची सगळी व्यवस्था तिथल्या एका शेतकरी जोडप्याकडे होती. गावाचं आणि त्यांचं नाव मी देत नाही, कारण ते आठवड्याला एकच गट घेतात आणि गर्दी नको असं त्यांनीच सांगितलं आहे. दारव्हा-नेर पट्ट्यात कुणी ओळखीचं असेल तर दोन फोनांत पत्ता लागेल.

पांदण म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातले लोक पाणंद म्हणतात. दोन्हीकडे वावरं, मधे बंडी म्हणजे बैलगाडी जाईल एवढी वाट, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बाभळी, हिवर, बोरी. पावसाळ्यात टोंगळाभर चिखल, उन्हाळ्यात विटेसारखी भाजून निघालेली चाकोरी. माझ्या माहेरच्या पांदणीतून मी चपला हातात घेऊन शाळेत गेले आहे. वेचलेला कापूस पांदण सुकत नाही म्हणून पंधरा-पंधरा दिवस घरात पडून राहायचा, तेव्हा बाबांचा चेहरा कसा व्हायचा तेही पाहिलं आहे. अशा वाटेवर हौसेनं गाडी घालायची तर ती कुणाच्या तरी पोटावरून जाता कामा नये, एवढी एक अट मनात धरून मी जागा शोधत होते. याआधी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे पहिला प्रश्न आला, व्हिडिओ काढायला ड्रोन हवा का.

या जोडप्यातल्या काकांनी फोनवर वेगळंच विचारलं. "गाड्या किती? दोन्हीले फोर बाय फोर हाय ना? टायर ट्यूबचे का बिनट्यूबचे? संगं लहान पोरं हायेत का? आन् एक सांगतो ताई, दारू चालत नाही आपल्याकडे." सगळी उत्तरं ऐकून म्हणाले, "मंगळवारी फोन करा. तवरोक मी पांदण पाहून येतो." मंगळवारी खरोखर पाहून आले होते. कोणत्या वावरात वेचणी सुरू आहे, कुठे ओलितासाठी पांदणीला आडवा पाइप टाकला आहे, कुणी रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) झटक्याची तार थेट वाटेच्या कडेला आणली आहे, सगळं त्यांनी सांगितलं. वेचणाऱ्या बाया सकाळी आठ-साडेआठला वावरात जातात, चार वाजल्यापासून गाठोडी आणि बंड्या परत निघतात. म्हणून आमच्या गाड्या नऊ ते बारा आणि दोन ते साडेतीन एवढ्याच वेळात पांदणीत. बाकी वेळ वाट गावाची. पैसे कशाचे द्यायचे असं मला कुणी विचारलं तर मी या फोनचे म्हणेन.

अमरावतीहून बडनेरा, नांदगाव खंडेश्वर, नेर असे आम्ही सकाळी लवकर निघालो. टाक्या नेरलाच भरून घ्या, पुढे आत शिरल्यावर तो विषय नको.

पोहोचल्यावर चहाआधी काकांनी खाटेवर नकाशा पसरला. तलाठ्याकडे असतो तो गाव नकाशा, त्याची मोठी प्रत काढून पारदर्शक प्लास्टिकमध्ये घातलेली. गटांचे आकडे बारीक, मधून नाल्याची वळणं. त्यांनी जाड नखाच्या बोटानं एक दुहेरी तुटक रेघ धरली आणि पोरीला म्हणाले, "हे पाय बाई, दोन तुटक रेघा म्हंजे गाडीरस्ता. एकच तुटक रेघ म्हंजे पायवाट. एक रेघ असंन तिथं गाडी नेणं नाही." जुन्या मोजणीत गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली, पायमार्गाची सव्वाआठ फूट. नकाशावर सोळा फूट असलेली पांदण जागेवर आठ फूट का उरली, तेही त्यांनी दाखवलं. दोन्हीकडचे वावरवाले दरवर्षी नांगरताना धुरा एकेक तास (नांगराची एक ओळ) आत सरकवतात. त्यांच्या स्वतःच्या शेजाऱ्याशी याच कारणानं सहा वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज केला, वाट मोकळी झाली, आणि आता तोच शेजारी आमच्यासाठी ट्रॅक्टर घेऊन थांबतो. हे सांगताना काकांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. "वाट त्यालेबी लागते ना," एवढंच म्हणाले.

नकाशे घरबसल्या पाहायचे तर राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट नकाशे मिळतात, आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचे एकास पन्नास हजारचे नकाशेही उतरवून घेता येतात. भावानं ते सगळं फोनमध्ये भरून आणलं होतं. नाल्याची आणि टेकाडाची उंची त्यात छान कळते. पण यंदा कोणत्या वळणावर पऱ्हाटीचे भारे रचलेत हे कोणत्याही नकाशात नसतं, त्यासाठी माणूसच लागतो.

पहिल्या दिवशी काळ्या जमिनीतली पांदण. निघण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करावी, मऊ मातीत पकड चांगली बसते, असं आम्ही शिकलेलो, म्हणून भाऊ वीस पीएसआयवर आणायला लागला. काकांनी अडवलं. हवा कमी झाली की टायरचा गाल बाहेर फुगतो, आणि धुऱ्यावरून छाटलेल्या बाभळीच्या फांद्या चाकोरीच्या कडेलाच पडलेल्या असतात. काटा नक्षीत घुसला तर पंक्चर निघतं, गालात घुसला तर टायर गेला. आम्ही चोवीसवर थांबलो. पुढच्या पाऊण किलोमीटरात मी खाली उतरून तीनदा काटेरी फांद्या बाजूला केल्या, त्यातला एक काटा माझ्या करंगळीएवढा लांब होता.

चाकोरी खोल होती. बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी कोरलेल्या दोन नाल्या आणि मधे गवताचा उंचवटा. चाकं चाकोरीत घातली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, म्हणून एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेला धरून चालवावं लागतं. पहिला गिअर, फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर), पाय ब्रेकवर न ठेवता. जिप्सी वजनाला हलकी, हजार किलोच्या आतबाहेर, त्यामुळे ती अशा वाटेवर शेळीसारखी चालते. पोरगी पुढे पायी चालून हातानं डावं-उजवं दाखवत होती. या कामात ती दोन दिवसांत इतकी तयार झाली की रविवारी काकांनी शिटी तिच्याच गळ्यात घातली.

बारा वाजायला आले असताना समोरून कापसाची बंडी आली. वेळेआधी. घरी पाहुणे आले म्हणून तो माणूस लवकर निघाला होता. पांदण तिथे जेमतेम नऊ फुटांची. मागे येणं आमचंच काम होतं. दोनेकशे पावलं मागे एक विहीर होती आणि तिच्याजवळ वाट रुंद होती, तिथपर्यंत आम्ही दोन्ही गाड्या उलट्या घेतल्या. मला घाम फुटला, कारण मागे पाहताना एका बाजूला तुरीचं उभं पीक आणि दुसऱ्या बाजूला झटक्याची तार. पोचल्यावर इंजिनं बंद केली. बैल गाडीजवळ येताच थबकले, डावा बैल नाक फेंदारून जिप्सीच्या बोनेटचा वास घेऊ लागला. बंडीवाल्यानं कासरा ढिला सोडला, जिभेनं टकटक केलं आणि बैल आपणहून पुढे झाले. कापसाचे पुंजके बाभळीला अडकत अडकत बंडी गेली. जाताना बंडीवाल्यांनी विचारलं, "कुठी चालले जी?" माझा भाऊ म्हणाला, "असंच, पांदण पाहायला." ते थोडे थांबले आणि म्हणाले, "पाहा. पावसाळ्यात येऊनबी पाहा."

दुपारचं जेवण वावरातच होतं, आणि त्याबद्दल मनापासून लिहायचं आहे. काकूंनी रोडगे केले होते. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून ठेवलेले. बाहेर काढले की फडक्यात घेऊन राख झटकायची, हातानं फोडायचे, आतून वाफ येते आणि त्या वाफेवरच तूप घालायचं. सोबत वांग्याची भाजी, आंबट वरण, आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची उसळ. काकू वाढताना "घ्या ना बाई, गाडी हाकली तुम्ही" म्हणून माझ्या ताटात दुसरा रोडगा टाकत होत्या. हे जेवण शहरातल्या कोणत्याही हॉटेलात मिळत नाही, कारण गोवऱ्यांचा आर आणि चार तासांची फुरसत तिथे नाही.

दुपारी शकुंतलेचे रूळ ओलांडले. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची आगगाडी एके काळी याच मुलखातला कापूस वाहायची. आता रूळ गवतात लपलेले आहेत. रूळ तिरपे ओलांडू नका, चाक रुळाच्या बाजूनं घसरतं. काटकोनात, सावकाश. आम्ही तिथे दहा मिनिटं उगाच थांबलो. माझी आजी या गाडीनं माहेरी जायची.

शनिवारी रात्री पाऊस आला. फार नाही, पत्र्यावर तासभर वाजला एवढाच. मी मनातल्या मनात रविवार सोडून दिला होता. सकाळी काका आम्हाला पांदणीच्या तोंडाशी घेऊन गेले, वाकून मूठभर माती उचलली आणि दोन तळव्यांत वळायला लागले. देवापुढच्या समईला वात वळतात तशी. मातीची वात झाली, लांब, चकचकीत, न तुटता. ती त्यांनी पोरीच्या हातावर ठेवली. "वात वळली का गाडी नाही. वात तुटली का गाडी." आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते. फुगलेली असताना ती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो, मग फोर लो काय करणार. त्याहून वाईट म्हणजे तेव्हा पडलेली खोल चाकोरी तशीच वाळते आणि पुढचे चार महिने बंडीवाल्याला छळते.

मग नकाशावरची दुसरी रेघ निघाली. गावाच्या वरच्या अंगाला बरड आहे, मुरमाड, तिथे पाणी तासाभरात निथळतं. पळसाची झाडं, खडकाळ चढ, आणि एक नाला. नाल्यात काका आधी काठी घेऊन स्वतः उतरले, पाणी नडगीच्या मध्यावर. फोर लो काठावरच लावला, मधे गिअर बदलायचा नाही, पाय स्थिर. दोन्ही गाड्या एका दमात गेल्या. पुढे वनखात्याचे हद्दीचे दगड दिसताच काकांनी हात वर केला. नकाशावर वाट पुढे जाते, पण जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हा आहे, आणि त्यांच्याकडे तो हट्ट चालत नाही.

खर्च सांगते. माणशी 2200 रुपये, त्यात एक रात्र आणि चार जेवणं. ट्रॅक्टर तयार ठेवण्याचे दिवसाला 1500, लागो न लागो. शिवाय गाडीमागे 500 रुपये पांदणीच्या मुरुमासाठी, त्याची वही वेगळी आहे आणि ती त्यांनी न विचारता दाखवली. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये सुरू झाली, त्यातून गावची एक पांदण मंजूर झाली, बाकीच्यांत खड्ड्यापुरता मुरूम हे लोक स्वतः टाकतात. मंजूर झालेली पांदण पक्की झाली की आमच्यासारख्यांना तिथे गाडी चालवण्यात मजा उरणार नाही. ती लवकर पक्की व्हावी.

आता जे खटकलं ते. गाडी ओढायचा दोर झिजलेला होता, एका ठिकाणी पीळ सुटलेला. ताण आला की असा दोर तुटून काच फोडतो, माणसाला लागला तर जीवही जातो. नशिबानं तो वापरावा लागला नाही. मी तिथेच बोलले, काकांनी मान्य केलं, पण तुम्ही जाल तेव्हा आपला पट्टा आणि शॅकल (जोडायची लोखंडी कडी) घेऊनच जा आणि हूक चासीलाच लावा. प्रथमोपचाराच्या डब्यात दोन पट्ट्या आणि मुदत संपलेलं मलम होतं. पांदणीत फोनला रेंज नसते, तेव्हा हा डबा नीट हवाच. न्हाणीघर एकच, अंगणापलीकडे, आणि पावसाच्या रात्री बायकांना ते अवघड जातं. दार लागतं, पण कडी आतून सैल आहे. या तीन गोष्टी सुधारल्या तर मी पाचपैकी पाच देईन. आज चार.

निघण्याआधी काका फावडं घेऊन शनिवारच्या पांदणीकडे निघाले. आदल्या दिवशी उलट्या गाड्या घेताना विहिरीजवळ माझ्या चाकानं धुऱ्याची कड ढासळली होती, ती त्यांना माती थोडी सुकली की बांधायची होती. पोरगी त्यांच्यामागे गेली, आम्हीही गेलो. अर्ध्या तासाचं काम. परत येऊन हात धुतल्यावर त्यांनी नकाशावर पेन्सिलीनं तिसऱ्या एका दुहेरी रेघेवर खूण केली. ती अडाण नदीकडे उतरते. "होळीनंतर या. कापूस निघून गेला राहते, पांदण रिकामी असते." भावानं आगाऊ रक्कम तिथेच दिली. दोर आम्ही नेणार आहोत, नवा, त्यांच्यासाठीही एक.