सह्याद्रीतील रानफुलांच्या ओळखीसाठी आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल की ईफ्लोरा ऑफ इंडिया?

कवल्याचे पिवळे फूल ओळखणे ही एक गोष्ट आहे आणि तो कवला नेमका कोणत्या जातीचा हे सांगणे ही दुसरी. यांपैकी आपल्याला काय हवे आहे हे ठरले, की छायाचित्र या तीन ऑनलाइन ठिकाणांपैकी कोठे दाखवावे हा प्रश्न बराचसा सुटतो.

२००८ साली अमेरिकेतील बर्कली येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या आयनॅचरलिस्टची मोठी सोय म्हणजे वेग. छायाचित्र चढवताच संगणक संभाव्य नावे सुचवतो आणि पुढे जगभरचे सदस्य त्यावर मत देतात. कारवी, सोनकी, तेरडा यांसारख्या ठळक आणि भरपूर छायाचित्रे असलेल्या वनस्पतींसाठी ही सोय उत्तम आहे. मात्र संगणक ज्या जातींची पुरेशी छायाचित्रे शिकला आहे, तेवढ्याच सुचवू शकतो. केवळ सह्याद्रीत, त्यातही दोन-चार पठारांवरच आढळणाऱ्या वनस्पतीच्या जागी तो तिच्यासारखी दिसणारी, कधी दुसऱ्या खंडातली जात पुढे करतो. नवखा सदस्य ते नाव स्वीकारतो, दुसरा नवखा दुजोरा देतो आणि दोघांच्या सहमतीवर ती नोंद ‘संशोधन दर्जा’ मिळवून जीबीआयएफच्या, म्हणजे जगभरच्या जीवनोंदी एकत्र करणाऱ्या संस्थेच्या, जागतिक विदासंचात जाऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा, की खात्री नसेल तेव्हा वंशाच्या किंवा कुलाच्या, म्हणजे जातीपेक्षा मोठ्या गटाच्या, पातळीवर थांबावे आणि ज्याची लक्षणे आपण स्वतः पाहिलेली नाहीत अशा नावाला दुजोरा देऊ नये.

ईफ्लोरा ऑफ इंडियाची रीत याच्या अगदी उलट आहे. २००७ मध्ये गूगल ग्रुपच्या रूपाने सुरू झालेल्या या समूहात छायाचित्रे ईमेलने पाठवायची आणि जाणकारांच्या उत्तराची वाट पाहायची. उत्तराला वेळ लागतो, कधी ते येतही नाही. पण येते तेव्हा बहुधा कारणासह येते. कवल्याचेच उदाहरण घ्यावे. कवल्याच्या म्हणजे स्मिथिया वंशातील जाती वेगळ्या करताना पाकळ्यांपेक्षा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचे आवरण, अधिक उपयोगी पडतो, कारण काही जातींत त्यावरील शिरा समांतर असतात, तर काहींत त्यांची जाळी होते, आणि केसाळपणाही पाहावा लागतो. निदलपुंजाचे जवळून घेतलेले छायाचित्र आहे का, असे कोणी विचारले म्हणजे पुढच्या वेळी कॅमेरा कोठे रोखायचा हे आपल्याला कायमचे कळते. शिवाय अशा चर्चा जातीनिहाय पानांवर जपल्या जात असल्यामुळे सारख्या दिसणाऱ्या जातींची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहता येतात. ज्याला रानफुलांचा खरोखर अभ्यास करायचा आहे, त्याने हीच जागा निवडावी असे मला वाटते.

२००८ पासून चालू असलेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या दोहोंच्या मध्ये बसते. नोंदी, नकाशे, जातींची माहिती आणि प्रदेशानुसार गट असे सारे तेथे भारतीय संदर्भात एकत्र मिळते. सुचवलेल्या नावावर सदस्य मत देतात, परंतु माझ्या अनुभवात प्रतिसादाचा वेग आयनॅचरलिस्टएवढा नसतो. गावाची किंवा महाविद्यालयाच्या परिसराची वनस्पतीसूची करणाऱ्या गटाला मात्र ते अधिक सोयीचे ठरेल.

ठिकाण उघड करण्याच्या बाबतीत आयनॅचरलिस्ट आणि ईफ्लोरा यांत फरक आहे आणि तो निर्णायक ठरू शकतो. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती दुर्मिळ आहेत आणि त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात. संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या जातींचे अचूक ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकते आणि नकाशावर सुमारे २० किलोमीटरचा चौकोन दाखवते. ही सोय नाव बरोबर असेल तरच लागू पडते, म्हणून ओळख पटेपर्यंत ठिकाण आपणच झाकलेले बरे. ईफ्लोराच्या ईमेलमध्ये आपण लिहू तेवढेच इतरांना कळते. तेथे तालुक्यापलीकडचा तपशील देऊ नये.

रानभाजी खाण्याजोगी आहे का हे ठरवण्यासाठी यांपैकी कोणतीही जागा पुरेशी नाही. कळलावीचा विषारी कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. अशा वेळी ती भाजी वर्षानुवर्षे आणणाऱ्या गावातल्या जाणत्या बाईला प्रत्यक्ष झाड दाखवावे.

गेंदाच्या म्हणजे एरिओकॉलॉनच्या जातींपुढे तर तिन्ही ठिकाणचे जाणकार बहुधा वंशापाशीच थांबतात. त्यांची फुले आणि बिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात, छायाचित्र कितीही स्वच्छ असले तरी त्यात ते तपशील दिसत नाहीत. तेथे वनखात्याच्या परवानगीने घेतलेला नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रासारख्या संस्थेतील अभ्यासकांनी तपासणे हाच मार्ग उरतो.