पुलाच्या प्लेटला बोल्टची भोकं: प्लाझ्मा, ड्रिल की पंच?

२० मिमी प्लेट, एम-२४ (२४ मिमी व्यासाचा) बोल्ट, २६ मिमीचं भोक. प्लाझ्मा, म्हणजे विजेने तापवलेल्या वायूचा झोत, ते काही सेकंदांत कापतो आणि बोल्टही सहज आत जातो. फसगत इथेच होते. पुलावर प्रत्येक वाहनागणिक ताण चढतो-उतरतो आणि तडा सुरू होतो तो भोकाच्या कडेतून. त्यामुळे बोल्ट गेला, एवढ्यावर भोक पास करता येत नाही.

प्लाझ्माचे दोन दोष डोळ्यांना दिसतात. भोक खाली निमुळतं होतं, म्हणून कॅलिपर दोन्ही बाजूंनी लावायचा. शिवाय गोल पुरा होऊन आर्क (विजेची ज्योत) सुटतो तिथे खाच पडते. वेग बाहेरच्या कापापेक्षा बराच कमी ठेवून, टॉर्चची (झोत सोडणाऱ्या टोकाची) उंची आपोआप बदलणारं नियंत्रण भोकापुरतं बंद केलं आणि नोझल ताजं असलं, तर दोन्ही आटोक्यात येतात. व्यास जाडीपेक्षा लहान असेल तर मात्र प्लाझ्माचा नाद सोडा.

न दिसणारा दोष अधिक वाईट. तापलेली कड झटकन थंड होऊन कडक बनते. हवेचा प्लाझ्मा असेल तर तिच्यात नायट्रोजनही मुरतो. ऑक्सिजन वापरल्यास नायट्रोजनचा त्रास बराच कमी होतो, कडकपणा पूर्ण जात नाही.

ड्रिल सावकाश चालतं: २६ मिमीचं हायस्पीड ड्रिल २५ मीटर प्रतिमिनिट कर्तनवेगाला मिनिटाला साधारण ३०० फेरे. पण भिंत सरळ येते आणि कड भाजत नाही. स्प्लाइस प्लेटा (दोन भाग सांधणाऱ्या जोडप्लेटा) एकत्र क्लॅम्प करून पाडल्यास भोकंही जुळतात. नंतर प्लेटा सुट्या करून मधली बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढायचीच. नाहीतर पृष्ठभाग एकमेकांना टेकत नाहीत आणि घर्षणावर भार पेलणारा जोड सरकतो.

पंच, म्हणजे दाबून भोक पाडणं, फक्त पातळ प्लेटांना. कडेला बारीक चिरा राहतात, म्हणून लहान पंच मारून रीमर (भोक खरवडून मापाला मोठं करणारं दातेरी हत्यार) फिरवावा.

प्लाझ्मानेही २२-२३ मिमी कापून २६ पर्यंत रीम करता येतं. अर्धा मिमी खरवडण्यात अर्थ नाही: रीमरचे दात कडक सालीवरच घासून बोथट होतात. दात सालीखालच्या मऊ पोलादात शिरला पाहिजे.

मुख्य गर्डरच्या जोडांना आम्ही ड्रिलच सुचवू. कठडे, जिने, केबलचे ब्रॅकेट इथे थेट प्लाझ्मा चालेल, तोही कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये परवानगी असेल तरच. आणि ती परवानगी प्लेट कापायला घेण्याआधी लेखी घ्यावी.