ऑटोबानवर १३० धरावं, की स्वतःच्या अंदाजाने जावं?

पुण्याहून श्टुटगार्टला किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या माणसापुढे हा प्रश्न लवकरच येतो. ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीतल्या एक्सप्रेसवेवर, एक गोल पांढरी पाटी लागते, तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा. इथून पुढे वेगमर्यादा संपली. आता १९७० च्या दशकापासून चालत आलेला ताशी १३० किलोमीटरचा शिफारशीचा वेग धरायचा, की रस्ता, हवा आणि गाडी पाहून स्वतः ठरवायचं? कायद्याला दोन्ही चालतं. माझा कौल १३० ला आहे, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही.

ऑटोबानचा जवळपास ७० टक्के भाग कायमच्या मर्यादेविना आहे. तरीही तिथल्या बहुतेक गाड्या १३० च्या आतच धावतात. शिवाय प्रवासाच्या अंतराच्या हिशेबात पाहिलं, तर ऑटोबानपेक्षा १०० ची मर्यादा असलेले गावांबाहेरचे साधे रस्ते जास्त जीव घेतात. अर्थात ऑटोबानवर समोरून गाडी येत नाही, चौक नाहीत, सायकली नाहीत, हेही त्यामागे आहेच. आणि मोकळीक म्हणजे काहीही करायची मुभा नव्हे. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग हवा, हा नियम तिथेही लागू आहे. धुकं, बर्फ किंवा पावसामुळे ५० मीटरही दिसत नसेल, तर ५० च्या वर जायचं नाही. उजवी लेन रिकामी असेल तर उजवीकडेच राहायचं आणि ओव्हरटेक डावीकडूनच करायचा. जर्मन लायसन्स काढणाऱ्याला ऑटोबानवर आणि अंधारात सक्तीने ठरावीक तास गाडी चालवावी लागते.

आपल्यासाठी खरी मेख इथेच आहे. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते, आणि ते सक्तीचे तास आपण केलेले नसतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे, समृद्धीवर १२० ची. अंदाज सवयीतून तयार होतो. आपली सवय डाव्या बाजूने चालवण्याची, आणि ट्रक कुठल्याही लेनमध्ये असेल असं गृहीत धरण्याची. १८० चा अंदाज त्या सवयीत कुठून येणार?

अनुभवी माणसाचा डोळाही एका ठिकाणी फसतो, ते म्हणजे थांबायचं अंतर. जर्मन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक ढोबळ सूत्र शिकवतात. वेगाला १० ने भागा. त्या आकड्याची तिप्पट म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंत कापलेले मीटर, आणि त्याचा वर्ग म्हणजे ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे मीटर. रस्ता कोरडा असेल तेव्हाचा हा हिशेब आहे.

| ताशी वेग | थांबायला लागणारं अंतर | १०० किमीला लागणारा वेळ |
|---|---|---|
| १०० | १३० मीटर | ६० मिनिटं |
| १३० | २०८ मीटर | ४६ मिनिटं |
| १६० | ३०४ मीटर | सुमारे ३८ मिनिटं |
| १८० | ३७८ मीटर | ३३ मिनिटं |

यातून निघणारी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. दोन गाड्या शेजारी शेजारी धावताहेत, एक १३० ने आणि दुसरी १८० ने. दोघींना एकाच क्षणी अडथळा दिसला. १३० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, त्या जागी १८० ची गाडी अजून सुमारे १३० च्याच वेगात असते. हे काचेतून बघून कोणाला कळत नाही. उलट तासभर १८० ने गेल्यावर १३० म्हणजे रांगणं वाटायला लागतं.

पुढच्याचा अंदाजही धरायला हवा. ८० ने चाललेला ट्रक २०० मीटर पुढे डाव्या लेनमध्ये आला, तर १३० ला तुमच्याकडे सुमारे १४ सेकंद असतात, १८० ला सुमारे ७. ट्रकवाल्याने आरशात तुम्हाला पाहिलं असेलही, पण एवढ्याशा ठिपक्यावरून तुमचा वेग त्याने कसा ओळखावा?

ठरलेला आकडा नसला की भांडण कसं होतं, ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने अनुभवलं. डिसेंबर १९९५ पासून तिथे दिवसा कारला आकड्यातली मर्यादा नव्हती. वेग 'वाजवी आणि सावध' असला की पुरे. ताशी ८५ मैलांनी, म्हणजे साधारण १३७ किलोमीटरने जाणाऱ्या एकाला पोलिसांनी पकडलं, पण किती वेग चालला असता हे त्यांना सांगता येईना. डिसेंबर १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम संदिग्ध म्हणून रद्द केला, आणि १९९९ मध्ये ७५ मैलांची मर्यादा आली. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने २००७ मध्ये १३० ची मर्यादा आणली, २०१४ पासून काही पट्ट्यात पुन्हा मोकळीक देऊन पाहिली, आणि २०१६ मध्ये तीही बंद केली.

जर्मनीत १३० ओलांडल्याचा दंड नाही, पण खिशाला झळ बसू शकते. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल दिला. चूक दुसऱ्याची असली, तरी १३० च्या वर असलेल्याच्या माथी नुकसानीचा काही वाटा येऊ शकतो. तो टाळायचा तर १३० ला असतो तरी अपघात असाच आणि एवढाच झाला असता, हे त्याने सिद्ध करायचं. ते कसं सिद्ध करणार?

म्हणून नवख्याने, पहिला हिवाळा पार पडेपर्यंत तरी, १३० वर क्रूझ कंट्रोल लावावा आणि उजवी लेन धरावी. जर्मनीत रुळलेला, आपल्या गाडीचे ब्रेक आणि टायर ओळखणारा माणूस रविवारी सकाळी, कोरड्या आणि मोकळ्या तीन लेनच्या रस्त्यावर १५० ने गेला, तर मी त्याला बेजबाबदार म्हणणार नाही. रात्री, पावसात, किंवा दोनच लेन असून उजवी ट्रकांनी भरलेली असेल तेव्हा मात्र त्यानेही १३० च्या वर जाऊ नये. थंडीत भाड्याची गाडी घेतलीत तर डॅशबोर्डवर हिवाळी टायरच्या कमाल वेगाचं स्टिकर आहे का ते आधी बघा. असेल, तर तोच तुमचा वरचा आकडा.