स्वीडनमधल्या दालार्नात मुक्काम: कुणाच्या घरी की भाड्याच्या स्टुगात, म्हणजे सुट्टीच्या छोट्या घरात?

सिल्यान तळ्याकाठी दोन्ही घरं बाहेरून सारखीच: फालूनच्या खाणीतल्या मातीचा गडद लाल रंग, पांढऱ्या चौकटी. फरक आत गेल्यावर कळतो. स्टुगात स्वयंपाक आपला, वेळ आपली. पण चादरी बहुधा आपल्याच न्यायच्या आणि निघताना साफसफाईही आपणच करायची. (सुट्टीत केर काढणं मला तरी जमत नाही.) कुटुंबाकडे चपला दारातच काढायच्या, अगदी आपल्यासारख्या. मग ‘फिका’, म्हणजे तिथली कॉफीची निवांत बैठक: कॉफी, वेलदोड्याचा वास सुटलेला दालचिनीचा बन, आणि मधेच लांबलचक शांतता. कुणी रुसलेलं नसतं, बोलणं तिथे तसंच चालतं. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड, त्यामुळे अंगणातून उठवत नाही. पोरं लहान असतील तर स्टुगा घ्या. एरवी मी कुटुंबाचं घरच निवडेन.