रंगकाम करून घेताय? थांबा, आधी हे वाचा. माझे ५५,५०० रुपये गेले

लिहू की नको असं महिनाभर चाललंय माझं. मिस्टर म्हणाले कशाला गावभर करतेस, गेले ते गेले. पण परवा आमच्याच मागच्या लाईनला मला फसवून गेलेल्या त्या पेंटरची गाडी उभी दिसली, हँडलला तशाच बादल्या अडकवलेल्या, आणि मग मला राहवेना. तिथल्या काकूंना जाऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, कालच दहा हजार ॲडव्हान्स दिला." म्हणून लिहितेय.

आमचं जुळे सोलापुरात रो हाऊस आहे, खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या आणि थोडी गच्ची. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना होत नाही त्यांना, आणि मुलगी यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार, तिची फी आहे, म्हणून हे विकून तळमजल्यावर लहान फ्लॅट घ्यायचा असं ठरलं. एजंट म्हणाला घर जरा दाखवण्यासारखं करा, किमतीत फरक पडतो. माझ्याकडे सगळे मिळून ६० हजार, त्यातले ४० भिशीचे. हौद धुऊन घेतला, गळके नळ बदलले, ३,२०० गेले आणि ते कारणी लागले, कारण आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड, गिऱ्हाईक दारातून आत येतं ते हौद केवढा, बोअर आहे का हेच विचारत. ज्यांना विकायचंय त्यांनी आधी तिथे खर्च करा, रंग नंतर.

रंगासाठी आधी एक पेंटर आला होता, त्याने उक्तं ७८ हजार सांगितलं. परवडणारं नव्हतं. मग ऑफिसमधल्या एकीच्या ओळखीने हा आला. गोड बोलणारा, चाळिशीचा, कपाळाला विभूती. आतून १६ रुपये फूट म्हणाला, मी १४ वर आणला, मटेरियलसकट, जुना रंग घासून, लांबी म्हणजे पुट्टी भरून, एक हात प्रायमर आणि दोन हात धुता येणारा रंग. स्लॅब आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग २२ रुपये फूट. नजरेने अंदाज सांगितला, आत २,२०० फूट, वर ६२०, म्हणजे ४४,४४० झाले. माझ्या बजेटमध्ये बसलं. "मोजमाप काय, शेवटी टेप लावू की ताई, कशाला टेन्शन घेवलालाव," असं म्हणाला. मोजमाप शेवटी म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. आधी टेप, आकडा कागदावर, खाली त्याची सही, मगच ब्रश आत येऊ द्यायचा.

आता ती सकाळ. ही मला रात्री झोपू देत नाही.

मे महिना, सकाळचे नऊ, तेव्हाच अंगाची लाही होत होती. मला दहाला पतसंस्थेत पोचायचं होतं. २२ हजार मटेरियलला म्हणून आदल्या दिवशी फोनवरून पाठवलेले, त्याने दिलेल्या नंबरवर, "दुकानदाराचा नंबर आहे" म्हणाला होता. चार बादल्या आल्या, कंपनी नामांकित, लेबल कोरं करकरीत. मी चहा घेऊन गॅलरीत गेले तेव्हा तो पहिली बादली उघडत होता. नुसत्या बोटाने झाकण निघालं. सीलबंद बादली कधी बोटाने उघडत नाही हो, कडेची पट्टी तोडावी लागते, स्क्रू ड्रायव्हर घालून गोल फिरवत उचकटावं लागतं. आणि आत टोकन नव्हतं. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन येतं, ते पेंटर सगळ्यात आधी खिशात घालतो, कारण ते त्याचे पैसे असतात. माझा मावसभाऊ हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता, मला हे लहानपणापासून ठाऊक आहे. मी विचारलंसुद्धा, "टोकन कुठंय?" तो हात न थांबवता म्हणाला, "हल्ली सगळं मोबाईलवर स्कॅन होतं ताई." आणि ते अर्धं खरं आहे, काही कंपन्यांचं स्कॅनवर गेलंय, म्हणून मी गप्प बसले. पण मग त्याने स्कॅन केलेलंही मी पाहिलं नाही ना! कप खाली ठेवला, घड्याळ बघितलं आणि निघाले. दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवरच्या सह्या तपासणारी बाई मी, आणि स्वतःच्या गॅलरीत उघडी बादली बघून निघून गेले. पण खरं सांगा, मिस्टर आठवडाभर बाहेरगावी, घरात आजारी माणूस, सुट्टी शिल्लक नाही, मी काय पेंटरच्या डोक्यावर बसून राहणार होते?

त्या बादल्यांत काय होतं ते नंतर कळलं. नामांकित कंपनीच्या रिकाम्या बादल्या आणि आत स्वस्तातलं डिस्टेंपर, तेही पाणी घालून पातळ केलेलं. सासूबाई भिंतीला टेकून उठल्या तर हिरव्या इरकलीच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला. मी ओलं फडकं फिरवलं, फडकं पांढरं आणि भिंतीवर डाग. तुम्हीही शेवटचा हप्ता द्यायच्या आधी ओलं फडकं फिरवा, धुता येणारा रंग नीट वाळल्यावर असा हाताला येत नाही.

वरचं तर त्याहून वाईट. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर, न धुता, धुळीवरच एक हात फिरवला. "उन्हात लगेच वाळतंय ताई." लगेच वाळतं म्हणूनच ते धरत नाही! सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं, आधी घासून धुवायचं, भेगा भरायच्या, भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा भरून घ्यायचा, मग दोन हात, एक आडवा एक उभा. आणि वाळल्यावर बांध घालून गच्चीत एक दिवस पाणी भरून ठेवायचं, खाली ओल आली नाही तरच पैसे. हे सगळं मला नंतरच्या मिस्त्रीने सांगितलं.

पैशाचा हिशोब मांडते. १०,००० ॲडव्हान्स, २२,००० मटेरियल, ९,००० पोरांचा पगार म्हणून रोख, ६,५०० वॉटरप्रूफिंगच्या मालाला रोख. नवव्या दिवशी टेप लावली, म्हणजे त्याने आणि त्याच्या पोराने लावली, मी सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं, आणि आकडा काढला ३,१५० फूट! ४४,१०० आतले आणि १३,६४० वरचे, ५७,७४०. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घर बघायला येणार आणि हा शिडी, बादल्या हॉलच्या मधोमध ठेवून बसलेला, बाकी दिल्याशिवाय उचलणार नाही. ८,००० देऊन घालवला. एकूण ५५,५००. नंतर मी आणि मुलीने रात्री अकरापर्यंत टेपने मोजलं, दारं खिडक्या वजा करून २,२१४ फूट. ९३६ फूट हवेत रंगवले होते, त्याचेच १३,१०४ रुपये.

गिऱ्हाईक चांगलं होतं, नवराबायको दोघं नोकरीला, ३८ लाखांवर बोलणी आली होती, ५१ हजार विसार द्यायला म्हणून ते दुसऱ्यांदा आले. त्याच्या दोन दिवस आधी मृगाचा पहिला मोठा पाऊस झालेला. वरच्या खोलीत शिरलो तर छताच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत ओल, रंगाला फुगे आलेले, त्या बाईंनी बोट लावलं तर पोपडा हातात आला, खाली ओली लांबी. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे मिस्टर म्हणाले, "रंग मारून ओल लपवली होय मॅडम?"

त्या खोलीत मी उभी होते आणि मला बोलता येईना. माझ्या ५५ हजारांपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. २२ वर्षं इथे राहतोय, कुणाचा रुपया बुडवला नाही, आणि त्या माणसासमोर मी लबाड ठरले. कितीही सांगितलं तरी पटणार कसं, प्रत्येक घर विकणारा हेच सांगतो. आता ते ३५ म्हणतायत.

मग चौकी. पहिल्यांदा गेले तर पहिला प्रश्न, करार आहे का? नाही. मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर, दोन तास बाकावर बसवून ठेवलं. तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, आणि तिथला एकजण म्हणतो, "तुम्ही शिकलेल्या दिसता, तरी कसं काय?" अहो, शिकलेल्या बाईला फसवलं तर गुन्हा होत नाही का? दुसऱ्याचं लेबल लावून माल विकणं, खोटं मोजमाप, हे फक्त दिवाणी कसं? फसवणुकीचं कलम आहे ना, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेत ३१८. आमच्या पैशाला ५५ हजार म्हणून किंमत नाही, कारण ते ५५ लाख नाहीत. बँकेत गेले तर म्हणे पिन तुम्हीच टाकला, आम्ही काही करू शकत नाही. तो "दुकानदाराचा नंबर" त्याच्या मेव्हण्याचा निघाला. बादल्यांवरचा बॅच नंबर घेऊन रंगाच्या दुकानात गेले तर त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही, बिल आमचं नाही म्हणाले. बिल कुठून असणार, त्याने वहीच्या पानावर कच्चं लिहून दिलेलं.

पोच नाही म्हणून मी हटले नाही. अर्ज घेत नसतील तर तोच मजकूर टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येतो, मी स्पीड पोस्टने पोलीस आयुक्तांच्या नावे पाठवलाय, पावती जपून ठेवलीय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आधी १९१५ ला फोन करूनही विचारता येतं. पण समोरच्याचा पत्ता लागतो! माझ्याकडे त्याचं अर्धं नाव आणि बंद पडलेला नंबर. म्हणून काम सुरू होण्याआधी आधारची प्रत घ्या, गाडीच्या नंबरचा फोटो घ्या, दुकानात स्वतः जाऊन माल घ्या, पक्कं बिल आपल्या नावाचं, आणि रोख एक रुपया देऊ नका. माझे २३,५०० रोख गेले, त्याचा कुठेच पुरावा नाही.

नवीन मिस्त्रीने टाकीचा पाईप स्लॅबमधून जातो तिथली भेग दाखवली, माझी करंगळी जाईल एवढी. त्यावरूनच त्या माणसाने ब्रश फिरवला होता. ती भरून वरचं नीट करायला ११,८०० लागले, ते दिरांकडून घेतले.

चारही बादल्या झाकणासकट गॅलरीत ठेवल्यात, टाकू देत नाही कुणाला. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड, कुणाकडे असा माणूस येऊन गेला असेल, किंवा यायचा असेल, तर मला विचारा, फोटो दाखवते. तीन-चार जण मिळाले तर आयुक्तांकडे एकत्र जाऊ, एकटीला बाकावर बसवतात.