पाठीवरचं ग्रास कटर: गवताला उत्तम, घाणेरीला जपून

म्हापशाच्या बाजारातून घेतलेलं 52 सीसीचं टू-स्ट्रोक मशीन. नावाजलेली कंपनी नाही, एकच मशीन वेगवेगळे स्टिकर लावून विकतात त्यातलं. गोव्यात डिचोली तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी आमची थोडी भरड (उंचावरची जमीन) आहे, खाली कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आणि घराला लागून गोठा. घरचे कामावर जातात, त्यामुळे मशीन मीच चालवते. चवथीनंतर गवत कमरेएवढं झालं की कोयत्याने कापायला बायका मिळत नाहीत, म्हणून हा खर्च केला.

गवतापुरतं विचाराल तर पैसे वसूल. नायलॉनची दोरी लावली की बांध झरझर साफ होतो. पेट्रोलात टूटी ऑईल लिटरला 40 मिली घालायचं, मापाला घरातली औषधाची बाटली पुरते. पट्टे मात्र उंच पुरुषाच्या मापाने शिवलेत. मी सगळ्यात आतल्या भोकात अडकवते तरी इंजिन कमरेखाली लोंबतं आणि संध्याकाळी पाठ बोलते. सड्यावर जांभ्याचे खडे सणसणत येतात. चष्मा आणि गमबूट नसतील तर मशीनला हातच लावू नका. सोबत येणारा प्लास्टिकचा चष्मा फेकून चांगला घ्या.

आता घाणेरी, म्हणजे टणटणीचं झुडूप. दुकानदार तीन पात्यांचं ब्लेड दाखवून म्हणाला, "ताई, हे लाकूडसुद्धा कापतं, झुडपांची चिंता सोडा." कोवळी घाणेरी कापतं, खरं आहे. जुन्या बुंध्याला लागलं की मशीन उलटं झटका देतं. 80 दातांचं गोल ब्लेड वेगळं विकत घेतलं, त्याने बुंधाही जातो. पण गुरं असलेल्या घरात खरी अडचण कापल्यावर सुरू होते. मशीन घाणेरीचा भुगा करून आजूबाजूच्या गवतात उडवतं. उभी घाणेरी आमची गाय हुंगून सोडते. तोच पाला गवताच्या भाऱ्यातून गव्हाणीत पडला तर तिला निवडता येत नाही, आणि सुकून काळपट झाला की आपल्यालाही दिसत नाही. सुकला म्हणून त्यातलं विष जात नाही.

शेजारी घाटावरून आणलेल्या संकरित गाईला हेच झालं. नवीन मुलखातलं जनावर, घाणेरीची ओळख नाही, त्यात मशीनने कापलेलं गवत. आधी रवंथ थांबला, शेण घट्ट झालं, डोळे पिवळे पडले. मग नाकाडावर भेगा, आणि अंगावरच्या पांढऱ्या डागांचं कातडं कडक होऊन सुटायला लागलं. बाजूच्याच काळ्या केसांखाली काही नाही, जणू कुणी कात्रीने डाग तेवढे कापून काढावेत. डॉक्टरांनी नळीने औषधी कोळशाची पूड पाजली आणि गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधायला सांगितली. घाणेरीतलं लँटाडीन यकृत बिघडवतं, असं त्यांनी समजावलं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक द्रव्य तयार होतं, ते एरवी पित्तावाटे निघून जातं. यकृताने काम सोडलं की ते रक्तात साठतं आणि उन्हात कातडी भाजते. रवंथ थांबल्यामुळे पाला पोटातच राहतो आणि विष अंगात भिनत राहतं, म्हणून आधी कोळसा. गाय वाचली, दूध मात्र गेलं. आमची गाय तर श्वेतकपिला या गोव्याच्या देशी जातीची, नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे. तिच्यावर हे आलं असतं तर काय, या विचाराने मी तेव्हा सगळा रचलेला भारा उलगडून बघितला.

म्हणून आता क्रम ठरलेला आहे. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की घाणेरी कुदळीने काढायची, मशीनने नाही. मुळाचा गड्डा मातीखाली दोन बोटं तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, नाहीतर पुन्हा रुजतं. नुसतं वरून कापलं तर दुप्पट फुटवे येतात. बुलबुल बिया टाकतच असतात, तेव्हा झाडांखाली दरवर्षी नजर मारावी लागते. कुंपणाची कण्हेर याहून वाईट, तिची थोडी पानंही हृदय बंद पाडायला पुरतात, सुकलेली सुद्धा. बांधावरची कळलावी दिसायला सुंदर, पण चाऱ्यात नको. तिचा कंद तर नकोच नको. हे सगळं हाताने काढून झालं की मगच मशीन सुरू, आणि चाऱ्याचं गवत कुंपणापासून चार पावलं आत कापायचं.

काजूवाल्यांनी बिनधास्त घ्यावं. हंगामाआधी झाडांखालचं रान साफ करायला याच्यासारखं काही नाही, तिथे भुगा कुठे उडाला याची फिकीरही नसते. गुरंवाल्यांनी घेताना कुदळीच्या एक-दोन रोजांचे पैसे किमतीत धरावेत. आणखी एक तक्रार: स्टार्टरची दोरी पहिल्याच पावसाळ्यात तुटली आणि विकणाऱ्याने "वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. डिचोलीत स्कूटर दुरुस्त करणाऱ्याने ती किरकोळ पैशांत बसवून दिली, अजून टिकली आहे.